तिसऱ्या वळणावरची सोलापुरी चादर

लीड्स, सोमवार, १४ ऑगस्ट २००६

कार्डिफनिवासिनी, परिचारिकाकुलभूषण मधुमती हिस,

तुझे पाकीट शनिवारी पोहोचले. उघडण्यापूर्वी ते मी दोन्ही बाजूंनी न्याहाळले, उजेडासमोर धरले, आणि आत वकिलाचे कागद असण्याइतके ते जाड नाही अशी खात्री झाल्यावरच चहा टाकला. आतून निघाले एक तिकीट, बी अँड बीच्या खोलीची पावती आणि तुझ्या हस्ताक्षरातल्या मोजक्या ओळी. भावी इतिहासकारांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्या येथे उतरवून ठेवतो:

"यंदा चतुर्थी नेमकी स्टॉक कारच्या वीकेंडला आली. गणपती इथे बसणार, त्यामुळे मला हॅथर्बीला जाता येत नाही. माझ्या जागी तुम्ही जा. एकटे जा. आणि कार्डिफला कायमचे येणार की नाही ते विसर्जनाच्या आत लिहून कळवा. फोन नको. फोनवर तुम्ही हसवता आणि ठेवून देता."

शैली करकरीत आहे. एप्रिलमध्ये तिकडच्या वॉर्डाची सूत्रे हाती घेतल्यापासून तुझ्या वाक्यांतून विशेषणे हद्दपार झालेली दिसतात.

आता मुद्द्याचे. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या एका सहकारी सिस्टरने तुला त्या शर्यतींना प्रथम नेले, तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात तू थर्मास भरून निघतेस आणि मी या गृहाचे रक्षण करतो. लोखंडी मोटारींनी एकमेकींना धडका देत वर्तुळात धावायचे आणि सुसंस्कृत माणसांनी ते तिकीट काढून बघायचे, या प्रकाराला माझ्या लेखी यंत्रयुगातील रेड्यांची टक्कर यापलीकडे स्थान नाही. तरीही दर ऑगस्टला दारात उभी राहून तू "येताय का?" असे विचारायचीस, आणि मी वर्तमानपत्राआडून "विचार करतो" असे सविनय उत्तर द्यायचो. विचार ही घाईने उरकण्याची क्रिया नव्हे.

कार्डिफसंबंधी म्हणशील, तर तेथेही विचार चालू आहे. या महानगराच्या भूमिगत जलवाहिन्या गेली एकवीस वर्षे माझ्या खांद्यावर आहेत. कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात आज असा एकही मनुष्य नाही, जो आर्मलीचे गटार तुंबल्यावर ते कुठून मोकळे करायचे हे नकाशाशिवाय सांगू शकेल. शिवाय महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्षपद आहे. शिवाय मागच्या अंगणातला रुबार्बचा वाफा आहे. कारणे सबळ आहेत, हे तूही मान्य करशील.

कन्या पूर्वी हिचा क्रॉयडनहून फोन आला होता. तिच्या मराठीत लिंगभेदाला थारा नाही, हे तुला ठाऊकच आहे. "बाबा, आई तिथे एकटा बसतो रे. तू जा ना. विचार विचार काय करते? डोन्ट बी सिली!" मी तिला व्याकरण सुधारण्याची सूचना केली, तेव्हा तिने फोन ठेवला. तुम्हा दोघींच्या स्वभावात साम्य आहे.

तिने मे महिन्यात पाठवलेला तुझ्या फ्लॅटचा फोटो माझ्याकडे आहे. अधूनमधून बघतो. खिडकीतून पाणी दिसते, ते छान आहे. टेबल भक्कम वाटते. खुर्ची एक आहे. हे केवळ फर्निचरविषयक निरीक्षण म्हणून नोंदवतो.

प्रवासासाठी सोलापुरी चादर शोधली. तीच, लग्नात बेळगावच्या आत्याने दिलेली, लाल-काळ्या चौकड्यांची. सापडली नाही. गेली कित्येक वर्षे ती सापडत नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवरचा माझा संशय अढळ आहे.

असो. हॅथर्बीला जातो. एकटा जातो. हुतात्म्यांना सोबत नसतेच.

लीड्सनगरीचा जलनिस्सारणाधिपती,
श्रीनिवास

ता. क. पितळी मूर्ती चिंचेने घास. गेल्या वर्षी तू व्हिनेगर वापरलेस, त्याचा डाग अजून सोंडेवर आहे.


हॅथर्बी, शनिवार, २६ ऑगस्ट २००६, संध्याकाळ

मृत्तिकास्नात पतीकडून मधुमतीस,

हे पत्र मी बी अँड बीच्या घरमालकिणीचा गुलाबी ड्रेसिंग गाऊन परिधान करून लिहीत आहे. माझे वस्त्रप्रावरण तिने मुख्य दारातच उतरवून घेतले आणि ते चिमट्यात धरून ती मागीलदारी गेली. तिच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्य नव्हते. तिने एवढेच विचारले, "पुढच्या रांगेत बसलास ना?"

प्रकार असा घडला. प्रतिष्ठेचा प्रसंग म्हणून मी नेव्ही ब्ल्यू ब्लेझर आणि मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचा टाय घातला होता. स्टेडियमवर लवकर पोहोचलो. अगदी पहिली रांग, कठड्याला लागून, संपूर्ण मोकळी! तुझ्या या पंथातल्या लोकांना चांगली जागा ओळखता येत नाही, अशी कीव मनात आली. पुण्यात नाटके बघत वाढलेल्या माणसाने जे करावे तेच मी केले. खिशातला रुमाल काढला, जागेवर टाकला आणि निर्धास्तपणे चहा आणायला गेलो. परत आलो तर रुमाल जागच्या जागी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मागे उंचावर बसलेले काही लोक माझ्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होते. मी त्यांना मान लववून अभिवादन केले.

मधुमती, ती धावपट्टी मातीची असते हे तू मला कधी सांगितले नाहीस. किंवा सांगितले असशील. तेव्हा वर्तमानपत्र मध्ये असेल. विटांच्या चुऱ्यासारखी लाल माती. तिच्यावर एक टँकर फिरून पाणी शिंपडत होता आणि त्याचे काम मी व्यवसायबंधूच्या नजरेने बघत होतो. वळणावर आतल्या बाजूला जास्त पाणी, बाहेर कमी, कुठेही डबके नाही. मी मनातल्या मनात शाबासकी दिली. ते सगळे पाणी आणि ती सगळी माती थोड्याच वेळात माझ्या अंगावर येणार आहे, हा निष्कर्ष मात्र एकवीस वर्षांच्या अनुभवालाही काढता आला नाही.

मग मोटारी आल्या. त्यांना मोटारी म्हणवत नाही. लोखंडी नळ्यांचे पिंजरे, पुढे-मागे रेल्वेच्या रुळाएवढे जाड बंपर, आणि डोक्यावर जेवायचा पाट तिरका बांधावा तसा पत्र्याचा पंख. पांढऱ्या छपराच्या पुढे, मग पिवळ्या, मग निळ्या, सगळ्यांत शेवटी लाल. सर्वांत पुढच्या पांढऱ्या छपराच्या वीराला मी मनोमन विजेता ठरवले. पुढे उभा तो श्रेष्ठ, यात शंकेला जागा ती काय?

हिरवा झेंडा पडला.

तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, हे मला सांगायला हवे होतेस. तो छातीच्या पिंजऱ्यात शिरतो आणि तिथला भाडेकरू असल्यासारखा वावरतो. माझ्या हातातल्या चहावर तरंग उठले. मोटारींचा तो अख्खा कळप आडवा घसरत, चाके उलट्या दिशेला वळवून, माझ्या पुढ्यातून गेला, आणि क्षणभर मी या विश्वात एकटाच स्थिर उभा आहे असे वाटले. तोंड उघडे राहिले. तोंड उघडे राहिल्याची शिक्षा लगेच मिळाली. किलोभर लाल चिखल ब्लेझरवर, टायवर, चष्म्यावर, चहात आणि मुखात.

मागून एक खणखणीत आवाज आला. "ए डक! वर ये! तिथं फक्त नवीन माणसं आणि कबुतरं बसतात!"

या प्रांतात माणसाला प्रेमाने 'डक' म्हणतात असे नंतर कळले. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांत भेद नसल्याने बाईंनी मला कोणत्या रूपात संबोधले हे शपथेवर सांगता येणार नाही. पण स्वरावरून तो 'तू'च होता. मी रुमाल उचलला (तो आता रुमाल नव्हता, वीट होती) आणि पायऱ्या चढून तिसऱ्या वळणाच्या माथ्यावर गेलो.

आणि तिथे, मधुमती, सिमेंटच्या पायरीवर, आत्याची सोलापुरी चादर अंथरलेली होती.

लाल-काळ्या चौकड्या. एका कोपऱ्याला पूर्वीने लहानपणी सांडलेल्या शाईचा डाग. त्या लाँड्रीवाल्याची मी आयुष्यात कधीतरी क्षमा मागायला हवी.

बाई म्हणजे डोरीन. निवृत्त मुख्याध्यापिका. तू त्यांना ओळखतेसच, पण मी तुला त्यांची ओळख करून देत आहे, कारण माझ्यासाठी त्या आज जन्मल्या. शेजारी त्यांचे यजमान कीथ, निवृत्त बँक मॅनेजर, जे बोलत नाहीत. डोरीनबाईंनी माझ्या टायवरच्या मोदकाच्या चित्रावरून चिखल पुसला, निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "तू मॅडीचा नवरा!"

मॅडी. बावीस वर्षांच्या सहजीवनानंतर पत्नीचे नाव कळावे, हा योग विरळा.

मी चादरीवर टेकणार, तोच त्या ओरडल्या. "तिकडे नको! ती मॅडीची बाजू. तुझी ही."

माझी बाजू म्हणजे काय, हे विचारायचे राहून गेले, कारण त्याच क्षणी समोर दोन मोटारी कुंपणाला भिडल्या आणि मी आरोळी ठोकली.

पुढचा सगळा वेळ डोरीनबाई मला शिकवत होत्या. इथे उत्तम गाडीवान सर्वांत मागे उभे राहतात. छपराचा रंग म्हणजे हुद्दा. पांढरे नवशिके, लाल ते सरदार. जितका तू मोठा, तितक्या जास्त लोकांच्या मधून तुला वाट काढावी लागणार. मला घरच्या लग्नातली पंगत आठवली. पाहुणे आधी जेवतात, यजमान शेवटी, उरलेल्या भातावर. मी हे त्यांना समजावले. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त आमच्याकडे यजमान पाहुण्यांना ढकलून भिंतीवर घालतो."

तुझा आवडता गाडीवान रे ऑलर्टन पाहिला. निळे छप्पर, पाठीवर पिवळा पट्टा. एकेकाळी त्याचे छप्पर लाल होते आणि वयाबरोबर ते उतरून निळे झाले, हे डोरीनबाईंनी घरातल्या माणसाच्या आजारपणाविषयी सांगावे तसे सांगितले. आज त्याला एका लाल छपराच्या पोराने, क्रेग हिन्चने, असा धक्का दिला की मागच्या चाकांचा आस वाकला. उद्याची त्याची शेवटची शर्यत. गाडी धावेल की नाही, कुणी सांगू शकत नाही.

तुला सांगायला हरकत नाही, गुलाबी गाऊनमध्ये बसून मी त्या आसाची काळजी करीत आहे.

कार्डिफसंबंधी विचार चालू आहे.

कर्दमपुत्र,
श्रीनिवास


हॅथर्बी, रविवार, २७ ऑगस्ट २००६, दुपार

भाद्रपद शुद्ध चतुर्थी. मधुमतीस,

आता तिकडे आरती झाली असेल. सकाळपासून माझे तोंड सवयीने अथर्वशीर्ष म्हणत होते, आणि समोर इंजिने ताल धरत होती. सगळीकडे परतलेल्या कांद्याचा वास कोंदला आहे. मी फक्त चिप्स खाल्ले. व्रतभंग झाला असलाच तर नाकापुरता.

इथे प्रेक्षकांना शर्यतीपूर्वी पिट्समध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या आवारात, मोकळेपणाने फिरता येते. मी गेलो. ब्लेझर घरमालकिणीने धुऊन दिला आहे. तो आता कमरेपर्यंत आखडला असून मी एखाद्या बँडवाल्यासारखा दिसतो.

रे ऑलर्टनची गाडी चार ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. स्वतः रे बाजूला उलट्या बादलीवर बसून सँडविच खात होता. पिकलेल्या मिशा, फावड्यासारखे हात, नजर आपल्या मंडळातल्या जोशीमास्तरांसारखी शांत. मी परिचय देऊन म्हटले, "तुमच्या मेकॅनिकचे काम सुबक दिसते."

"मेकॅनिक?" त्याने बुटाच्या टोकाने त्या पायांना डिवचले. "क्रेग, बाहेर ये. लोक तुला मेकॅनिक म्हणतायत."

पाय बाहेर सरकले. त्यांच्या मागोमाग क्रेग हिन्च बाहेर आला. काल ज्याने आस वाकवला, तोच. आपल्या गाडीचा जादा आस काढून आणून तो रेच्या गाडीला बसवत होता.

माझ्या मुद्रेवरचे भाव बघून रे म्हणाला, "का? त्यानं मोडला, त्यालाच ठाऊक कुठं मोडलाय."

"पण आज संध्याकाळी तुम्ही दोघे पुन्हा समोरासमोर असणार ना?"

"असणार," क्रेग म्हणाला. "आणि पुढे सापडला, तर पुन्हा मारणार."

"मारशील की," रे म्हणाला. "आधी गाठ तर पडू दे, पोरा."

दोघेही हसले आणि क्रेग पुन्हा गाडीखाली गेला. असा प्रसंग तू पाहिलेला नाहीस, तुझे दुर्दैव.

निघताना रेने विचारले, "तू कुणाबरोबर आलास म्हणालास?"

"एकटाच. मॅडीचा नवरा."

त्याचे सँडविच अर्ध्यावर थांबले. "विचार करणारा?" मग बाजूच्या तंबूकडे तोंड करून तो ओरडला, "अरे, मॅडीचा विचार करणारा नवरा आलाय!" चार-पाच तेलकट माणसे बाहेर आली. प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन दाबला. एकाने "अखेर!" एवढेच म्हटले. आखडलेल्या ब्लेझरला त्यांचे काळे ठसे उमटले आहेत आणि ते मी धुणार नाही.

तिसऱ्या वळणावर परतलो आणि डोरीनबाईंना विचारले, हे विचार करणारा काय प्रकरण आहे? त्यांनी कीथकडे पाहिले. आणि बँक मॅनेजर कीथ, जे बोलत नाहीत, ते बोलले.

"पहिल्या वर्षी तिनं ही चादर आणली," ते म्हणाले. "दोघांची जागा धरली आणि एका बाजूला बसली. दुसरी बाजू कुणाची विचारलं, तर म्हणाली, नवऱ्याची, तो विचार करतोय. मग दर वर्षी तेच. गर्दीच्या दिवशी लोक येतात, ही अर्धी मोकळी आहे का विचारतात. आम्ही सांगतो, नाही, ती जागा घेतलेली आहे. त्याचा अजून विचार चाललाय."

मग त्यांनी थर्मासचे झाकण उघडले आणि चहा ओतला.

हिवाळाभर चादर डोरीनबाईंकडे असते. त्या ती धुतात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात आणि प्रत्येक वीकेंडला सकाळीच येऊन अंथरतात. इकडच्या रिवाजाप्रमाणे अंथरलेल्या जागेला कुणी हात लावत नाही.

मी माझ्या बाजूला बसून हे लिहीत आहे. तुझी बाजू रिकामी आहे. अकरा वर्षे इथे असेच दिसत असणार, फक्त उलट बाजूने.

शर्यतीची हाळी झाली. थांबतो.

श्रीनिवास


हॅथर्बी, रविवार, २७ ऑगस्ट २००६, सूर्यास्ताच्या सुमारास

मधुमती,

आज जे पाहिले ते सांगायला माझ्याजवळची विशेषणे अपुरी आहेत. ही कबुली जपून ठेव. तिची दुसरी प्रत निघणार नाही.

अंतिम शर्यत. रे निळ्या छपरांच्या घोळक्यात मध्यावर, क्रेग अगदी मागे सरदारांच्या रांगेत. आस टिकला. सुरुवातीपासून रे असा चालवत होता की जणू सगळ्या धावपट्टीवर एकच रेघ आखलेली आहे आणि ती फक्त त्यालाच दिसते. पांढरे मागे पडले, पिवळे मागे पडले. एकाला त्याने वळणावर हलकेच खांदा दिला, कीर्तनाच्या गर्दीतून म्हातारा वाट काढतो तसा, आणि तो पुढे आला. अर्ध्या शर्यतीनंतर पहिला. डोरीनबाईंनी माझा दंड धरला होता. नखे ब्लेझरमधून आत पोहोचली होती. मी काही बोललो नाही, कारण कीथचा दंड मी धरला होता.

आणि मागून क्रेग येत होता. त्याच्या वाटेत जे आले ते कुंपणावर गेले. ऊन तिरके झाले होते, उडालेल्या मातीचा पडदा तांबूस झाला होता, आणि त्या पडद्यातून ते लाल छप्पर दर फेरीला थोडे मोठे होऊन बाहेर पडत होते. त्या क्षणी मला कोणताही विनोद सुचला नाही. अशा वेळी तो सुचत नाही, याचाच मला अचंबा वाटला. तरीही भीती वाटत नव्हती. घाटमाथ्यावर उभे राहून दरीतला ढग वर येताना बघावा, तसे वाटत होते.

शेवटची फेरी. रे पुढे, क्रेग त्याच्या बंपरला जवळजवळ टेकलेला. हजारो माणसे एकदम उभी राहिली. काय होणार ते प्रत्येकाला ठाऊक होते. पुढच्याला ठाऊक होते, मागच्याला ठाऊक होते. शेवटच्या वळणावर मागचा पुढच्याला मारणार. तिथे मारायचेच असते. हा इथला धर्म आहे.

रे बाजूला होऊ शकला असता. बाहेरच्या अंगाला सरकला असता तर धक्का चुकला असता आणि दुसरा नंबर हातचा होता. एवढे मलासुद्धा दिसत होते. मी कठड्यावर झुकून गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "अहो, बाजूला व्हा! रेसाहेब, बाजूला व्हा!"

तो बाजूला झाला नाही. त्याच्या रेघेवरून तसूभर ढळला नाही.

मालगाडीचे दोन डबे जोडताना होतो तसा आवाज झाला, आणि निळे छप्पर सरळ कुंपणात गेले. पोलादी दोर ताणले गेले, खांब वाकले, एक चाक सुटून एकटेच मैदानात धावत सुटले. क्रेग जिंकला. चौकटींचा झेंडा पडला, आणि त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता.

मग कुंपणातल्या त्या लोखंडाच्या भेंडोळ्यातून एक हात बाहेर आला. मग मिशा. रे ऑलर्टन सावकाश वर चढला, चेंबलेल्या निळ्या छपरावर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. कालपासून इंजिनांच्या आवाजाने मी थक्क झालो होतो. तो आवाज काहीच नव्हता, हे आता कळले. माणसांचा आवाज त्याहून मोठा असतो.

क्रेग विजयाची फेरी मारत आला, रेपाशी थांबला आणि खाली उतरला. झेंडा त्याने रेच्या हातात दिला. रेने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की पोरगे वाकले. मग रे त्याच्या गाडीच्या कडेवर बसला, एका हाताने तो पत्र्याचा पंख धरला, दुसऱ्या हातात झेंडा, आणि ज्याने मारले त्याच्याच गाडीवरून त्याची शेवटची फेरी झाली.

डोरीनबाई टाळ्या वाजवत होत्या आणि रडत होत्या. मी चष्मा पुसत होतो. माती फार उडते इथे.

"तू मघाशी काय ओरडलास?" त्यांनी विचारले.

"मी त्यांना बाजूला होण्याची आदरपूर्वक विनंती केली."

"रेला?" त्या हसल्या. "आणि मग? अंगाला अंग न लागता दुसरा येऊन घरी गेला असता, आणि जन्मभर कुढला असता."

"आणि क्रेगने मारले नसते तर?"

"तर रे त्याच्याशी पुन्हा बोलला नसता. आपल्या मागून येणारा आपल्याला मारायलाही तयार नाही, म्हणजे आपण त्याच्या खिजगणतीतही नाही. मॅडीलाच विचार. तिला शेवटच्या वळणाएवढं दुसरं काही आवडत नाही."

तुला काय आवडते, हे मला आज हॅथर्बीच्या एका मुख्याध्यापिकेने सांगितले.

मैदान रिकामे झाल्यावर आम्ही चादर उचलली. एवढी मोठी सोलापुरी चादर एकट्याने घडी करता येत नाही. डोरीनबाईंनी दोन कोपरे धरले, मी दोन. झटकली, मधोमध आलो, कोपरे त्यांच्या हातात दिले, खालची कड उचलून पुन्हा जवळ गेलो. लाल माती झडून आमच्या बुटांवर पडली. त्यांनी विचारले, "घरी नेणार ना? शेवटी तुझीच आहे."

मी म्हटले, "तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या ऑगस्टला लागेल."

"किती जणांना?"

तेवढ्यात कीथने गाडीचा हॉर्न वाजवला, म्हणून उत्तर राहिले. तसे त्यांना उत्तराची गरज दिसली नाही. त्यांनी माझ्या आखडलेल्या ब्लेझरची कॉलर सरळ केली आणि त्या गेल्या.

श्रीनिवास


लीड्स, सोमवार, २८ ऑगस्ट २००६

प्रिय मधुमती,

तू विचारलेस, तेव्हा मी बाजूला झालो. गटारे, मंडळ, रुबार्ब, काहीही सांगितले. खरे कारण फोटोत होते. त्यात खुर्ची एकच दिसली. मला वाटले, तू रीत म्हणून विचारते आहेस.

आज बँक हॉलिडे आहे. उद्या कौन्सिल उघडले की राजीनामा देतो. विसर्जनासाठी रजा टाकून येतो. नोटिशीचा महिना भरला की कायमचा येतो.

माझा विचार करून झाला आहे.

खुर्ची घेऊन येतो.

श्रीनिवास